पूर कशावरून ओळखायचा?

प्रवरा नदीचे पाणी चढले की वर घाटात पाऊस झाला असणार, हे काठच्या माणसाला सांगावे लागत नाही. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत अनुमानाचे नेमके हेच उदाहरण आहे: फुगलेल्या नदीवरून होऊन गेलेला पाऊस ओळखायचा. मात्र या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, गौतमाच्या न्यायसूत्रांतच, त्यावर आक्षेपही नोंदवला आहे. प्रवाह अडला तरी पाणी वाढतेच की! भाष्यकार वात्स्यायन उत्तर देतो, की नुसते वाढलेले पाणी हा पुरावा नव्हे. पाण्याची ओढ, फेस, वाहत आलेली पाने, फळे, लाकडे हे सगळे मिळून पुरावा होतो.

१९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, पुढे निळवंड्याचेही आले आणि तो आक्षेप नदीच्या पात्रातच उभा राहिला. आता पाणी वाढले तर पाऊसही झाला असेल, किंवा वरून विसर्ग सोडला असेल.

समजा, देवळाली प्रवरा येथील चौथीच्या वर्गात ‘नदीला पूर का येतो?’ असा माहितीपर उतारा निघाला. शिक्षिका मथळा आणि चित्र दाखवून थांबतात. ‘खूप पाऊस पडला म्हणून,’ एक मुलगी म्हणते. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘धरणाचं पाणी सोडलं म्हणून!’ इथे बरोबर-चूक ठरवून पान उलटले, तर मुले फक्त अंदाजपंचे बोलायला शिकतात. ‘कशावरून गं?’ असे विचारले, तर ती चित्रातल्या गढूळ पाण्याकडे बोट दाखवते, आणि तिचा अंदाज पुढे चुकला तरी विचार वाया जात नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रसेल स्टॉफर यांच्या पद्धतीतही क्रम असाच आहे: अंदाज, वाचन, मग मजकुरातून पुरावा. गोष्टीत पुढे काय घडावे हे लेखकाच्या मर्जीवर असते. माहितीपर लेखनात ती सोय नाही. तिथे नदी जशी वागते तसेच लिहावे लागते.

‘कशावरून’ विचारण्याची ही सवय वर्गापुरती राहत नाही, आणि प्रश्न अवघड होतो तो तिथे. पंचांगात पावसाच्या नक्षत्राचे वाहन बेडूक असले, की यंदा पाऊस चांगला, असे घरोघरी म्हणतात. कशावरून, असे मुलाने आजोबांना विचारले तर? काही घरांत हा उद्धटपणा ठरेल. न्यायशास्त्रात तो ठरत नाही. हे शास्त्र शब्दालाही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानते, पण आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो. ऋषी, आर्य, म्लेच्छ, तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू, असे वात्स्यायन स्पष्ट म्हणतो. मग पाठ्यपुस्तकालाही सूट नाही, पंचांगालाही नाही, आणि ‘इतके क्युसेक सोडले’ असे सांगणाऱ्या पाटबंधारे खात्यालाही नाही. खात्याचा आकडा निदान धरणावर जाऊन ताडून पाहता येतो; बेडकाचे तसे कसे करायचे, हे आजोबांनाच विचारावे लागेल.