नियत आणि धार

बकरी ईदला आठ दिवस उरले होते. अब्बांच्या वेळची सुरी काढून पाहिली, तर मूठ हलत होती आणि पातं वर्षानुवर्षं शाणेवर झिजून बोटभर रुंद उरलं होतं. नवी घेणं भाग होतं. एका संध्याकाळी जुन्या नाशकातून चालत भांडी बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "मोठी सुरी दाखवा."

"कशासाठी?" त्यानं विचारलं.

प्रश्न साधा होता. भाजीची सुरी वेगळी, मांसाची वेगळी, हे पाहूनच तो माल काढणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "घरकामाला." शेजारी एक गृहस्थ कुकरची शिट्टी बदलून घेत होते. दाढीवाला माणूस हातात मोठी सुरी घेऊन उभा आहे, हे चित्र त्यांना कसं दिसेल, या विचारानं मी अर्धं खरं बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

ही भीती कुठून आली? ज्या कामासाठी मी सुरी घेत होतो त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी लपवलं. ज्याला काही लपवायचं नसतं त्यानं लपवाछपवी केली, की त्याची त्यालाच शंका येऊ लागते. त्या रात्री मला झोप लागली नाही ती सुरीमुळे नव्हे, त्या उत्तरामुळे.

खरं तर कायदाही हाच प्रश्न विचारतो. शस्त्र अधिनियम 1959 चा आहे आणि त्याखालचे आजचे नियम 2016 चे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत मोडतात. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे फूटपट्टी लावून झाल्यावर कायदा थांबतो आणि विचारतो, हे कशासाठी बनवलं? आपल्या भाषेत सांगायचं, तर तो नियत विचारतो.

आपला नाशिक जिल्हा तर पात्यांवरच जगतो. द्राक्षबागेत छाटणीची कात्री चालते, कांद्याची पात कापणाऱ्या बायांच्या हाती विळा असतो. त्यांना पाहून कुणी दचकत नाही. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. इतकं ते हत्यार आणि ते पोट एक झालेलं आहे. पण 2022 च्या अखेरीस आणि 2023 मध्ये पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहा, असं विक्रेत्यांना सांगावं लागलं. लोखंड तेच, आकार तोच. फिरली होती ती माणसाची नियत.

इथपर्यंतचा विचार आपल्याला सोयीचा आहे. सगळं नियतीवर आहे आणि माझी नियत साफ आहे, असं म्हणून आपण मोकळे होतो. मीही झालो असतो. पण दुकानदारानं माझ्यासमोर तीन सुऱ्या मांडल्या होत्या आणि त्यातली एक निवडायची होती. तिथे नुसती नियत कामाची नव्हती.

पहिली 12 इंचांची, आरशासारखी चकाकणारी, मुठीवर नक्षी. दुसरी सत्तुरासारखी रुंद आणि जड. तिसरी 8 इंचांची, काळपट पोलादाची, साध्या लाकडी मुठीची. हात पहिल्यांदा गेला तो चकचकीत सुरीकडे. ईदच्या दिवशी चार माणसांसमोर ती शोभली असती.

दुकानदार जाणकार निघाला. म्हणाला, "साहेब, ही दिसायला आहे. हिची धार चार दिवस टिकणार नाही. हत्तीसारखी लांब सुरी लहान जनावराला घेतली, तर हातात नाचते. सत्तूर हाडावर मारायला चांगला, गळ्यावर फिरवायला नाही." मग त्यानं काळी सुरी उलटी करून दाखवली. पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली होती, वर तीन रिव्हेट पक्के. "हिला गंज चढतो. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी लागेल. पण दगडावर पाच मिनिटं घासली की हवी तशी धार. फक्त वीजेच्या शाणेवर जास्त दाबून धरू नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं."

पोलाद तापवून विझवण्याला आपल्याकडे 'पाणी देणं' म्हणतात. ते पाणी एकदा उतरलं, की सुरी दिसते सुरीसारखीच, पण धार धरत नाही. माणसाच्या बाबतीतही हे घडतं, असा विचार मनात येऊन गेला.

आपण एरवी हदीस सांगतो ती नियतीची. कर्मांचा आधार नियतीवर, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेली आणखी एक हदीस आहे. तिचा आशय असा, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे काम उत्तम रीतीनं करणं, बंधनकारक केलं आहे. म्हणून जबह करणाऱ्यानं धार नीट लावून घ्यावी आणि जनावराचा त्रास कमी करावा. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावणाऱ्याला पैगंबरांनी (स.) टोकलं होतं, याला दोनदा मारायचं आहे का, अशा अर्थानं. इथे नियतीची चौकशी नाही. चौकशी आहे ती धारेची.

रायगडकडचे मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या धर्मशास्त्रातही जबह करणाऱ्यानं पातं नखावर फिरवून तपासायचं असतं. बारीकशी खाच लागली, तरी ती सुरी बाद. दोन्ही परंपरांना एकच गोष्ट ठाऊक होती. बोथट सुरी धर्मशील माणसाच्या हातातही क्रूरच असते. बिस्मिल्लाह म्हटल्यानं बोथट पातं धारदार होत नाही.

स्वस्त सुरी घेतली, तर वाचलेले पैसे माझ्या खिशात राहतात आणि ती उरलेली किंमत बकरा मोजतो. एका फिरवण्यात व्हायचं ते काम तीन-चारदा फिरवून होतं. दिखाऊ सुरी घेतली, तर माझ्या मिरवण्याची किंमतही तोच मोजतो. मोठ्या सुरीच्या निवडीत नैतिक प्रश्न आहे तो हा, की किंमत कोणाच्या गळ्यात टाकायची.

माझ्या एका वारकरी मित्राला हे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "धारदार सुरीनं मारलं, तरी मारलंच ना?"

मी वाद घातला नाही. हो, मारलंच. धार मृत्यू पुसत नाही, फक्त जादाच्या वेदना टाळते. कुरआनमध्ये सूरह अल-हजमध्ये आपल्याला बजावलंच आहे, की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा. त्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण वर्षभर काळ्या पिशवीतून मटण आणताना हा प्रश्न मला कधी पडत नाही. तिथे सुरी दुसऱ्याची असते, हात दुसऱ्याचा असतो. स्वतः सुरी निवडायला उभा राहिलो, तेव्हाच माझ्या ताटातल्या घासाचा जाब मला विचारला गेला. तो जाब चुकवण्यापेक्षा दरवर्षी ऐकून घेणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. आज गिऱ्हाईक जास्त होते. म्हटलं, "काल घरकामाला म्हणालो होतो. कुर्बानीसाठी हवी आहे. ती काळी द्या." तो हसला. "मला कालच कळलं होतं. म्हणून तर ती काढली." त्यानं सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पात्याच्या टोकाला पुठ्ठा बांधून दिला, कुणाला लागू नये म्हणून.

ईदच्या आदल्या रात्री आतल्या खोलीत दार लावून दगडावर सुरी घासत बसलो होतो. बाहेर अंगणात बकरा बांधलेला होता. नातवानं दार ढकलून विचारलं, "दादाजान, दार का लावलं?"

"त्याला दिसू नये म्हणून."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग आत आला आणि त्यानं दार पुन्हा हळूच लावून घेतलं.