घृष्णेश्वरा, या मिठासाठी

घृष्णेश्वरा, उद्या वर्गात पोटॅशिअम क्लोराइड शिकवायचं आहे. फळ्यावर दोन वर्तुळं काढीन, मधे एका इलेक्ट्रॉनचा बाण काढीन, आणि पोरं वहीत उतरवतील: पोटॅशिअमने दिला, क्लोरीनने घेतला. एवढ्यावर त्यांना सोडून देण्याची बुद्धी मला देऊ नकोस.

देणं स्वस्तात होत नाही, हे त्यांना कळू दे. पोटॅशिअमचा तो एकोणिसावा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 419 किलोज्यूल लागतात. क्लोरीन तो घेताना परत करतो जेमतेम 349. नुसती देवाणघेवाण पाहिली तर व्यवहार तोट्याचाच. तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून थर रचतात तेव्हा. आणि त्या रचनेत जोडपी नसतात, देवा. प्रत्येक पोटॅशिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा पोटॅशिअम. कोणाचा इलेक्ट्रॉन कोणाकडे गेला, याची कुठे नोंद नाही. ही पकड मोडायची तर खडा 770 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो.

दोघांकडेही शेवटी अठराच इलेक्ट्रॉन राहतात, आर्गॉनइतके. 1913 मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी या स्फटिकावर क्ष-किरण टाकले, तर किरणांना दोघांतला फरक जवळजवळ कळलाच नाही! तुझी ही गंमत मला फार आवडते. दुसरी त्याहून खोल आहे. दहा हजार पोटॅशिअम अणूंत एखादाच किरणोत्सारी निघतो, आणि तसल्या दहांतला एखादा, अब्जावधी वर्षांच्या ओघात, खरोखरच आर्गॉन होतो. दगडात अडकलेला तो वायू मोजून दख्खनच्या बेसॉल्टचं वय काढता येतं: सुमारे साडेसहा कोटी वर्षं. तुझ्या शेजारचं कैलास लेणं त्याच दगडात कोरलंय. वेरूळला सहली येतात, राष्ट्रकूटांचं नाव ऐकून जातात. दगडातल्या पोटॅशिअमबद्दलही कोणीतरी त्यांना सांगो.

आता मागणं. कन्नड-फुलंब्रीकडे आल्याच्या नि कापसाच्या रानात लाल पोटॅशची गोणी फुटेल. लाली त्यात मिसळलेल्या लोहाची. मीठ मुळात पांढरंच. कॅनडा, रशिया, बेलारूस अशा लांबच्या खाणींतून ते बोटीने येतं, नि त्याचे पैसे उधारीवर उभे राहतात. पण रानात ओल नसेल तर खडा खडाच राहतो. पाण्याचे रेणू एकेका आयनाला वेढून बाहेर काढतात, तेव्हा कुठे मुळाला घास मिळतो. म्हणून आधी पाऊस दे, बाजारभावाचं मागाहून बघू.

जुलाबाने सुकलेल्या लेकराच्या ओठी वेळेवर ओआरएस लागू दे. लिटरभर पाण्यात त्यातलं हे मीठ दीड ग्रॅम असतं. आणि घाटी रुग्णालयात रात्रपाळीला जी सिस्टर केसीएलची कुपी फोडेल, तिचा हात सांभाळ. सलाइनमध्ये मिसळून सावकाश गेलं तर हेच मीठ हृदयाची लय सावरतं. तसंच थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवतं. तिला डुलकी लागू देऊ नकोस. ठिबक सुरू करण्याआधी बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळून घ्यायची तिला आठवण दे.