उदास मन हा अपराध नव्हे



आमच्या घरी धम्मदीक्षा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागली होती. अशात थोरल्या वहिनींना दुसरी मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप पार पडले, पण सव्वा महिन्याच्या सुमारास वहिनींचे बोलणे थांबले. चूल थंड, केस विंचरलेले नाहीत, मूल रडत असले तरी नजर भिंतीकडे. रात्री झोप नाही, ताटात वाढलेले तसेच. ‘मला काही होत नाही’ एवढेच त्या म्हणत.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘देवी घरातून काढली, आता भोगा.’ आईच्या जुन्या मनाला ते लागले आणि गावच्या देवऋषीकडे जायचा विषय निघाला. दादांनी तो ठामपणे मोडून काढला, ते योग्यच झाले. पण मग आमच्या विहारातील एक वडीलधारे कार्यकर्ते आले. ते वहिनींना म्हणाले, ‘बौद्धाच्या घरात असे तोंड पाडून बसायचे नसते. रोज त्रिसरण-पंचशील म्हणा, मन खंबीर करा.’ आणि मीही, पुस्तके वाचलेला दीर, त्यांच्या पुढ्यात धम्मपद ठेवून मोकळा झालो.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट बोचते. मावशींचे बोलणे आणि आमचे बोलणे यांत वहिनींच्या दृष्टीने काय फरक होता? मावशींच्या मते त्या देवीच्या गुन्हेगार होत्या, आमच्या मते धम्माच्या. आरोपीच्या पिंजऱ्यात दोन्हीकडून त्याच उभ्या होत्या. आजारी माणसाला त्याच्या आजाराबद्दल दोषी धरणे हे नीतीला धरून आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला खुद्द तथागतांनी उत्तर दिलेले आहे. संयुक्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? तथागत ते मत खोडून काढतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूंचा पालट, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे ते सांगतात आणि कर्मविपाक त्या यादीत शेवटी, अनेकांपैकी एक म्हणून येतो. परमपूज्य बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत धम्माशी विसंगत ठरविला. गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला टाळता यावी एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग, असे त्यांनी बजावले. मग जे आपण दारिद्र्याबद्दल मानत नाही, ते मनाच्या आजाराबद्दल का मानावे?

‘बाहेरून झालेला आघात’ या शब्दापाशी थोडे थांबू. आपल्या वस्त्यांत हा आघात रोजचा आहे. कर्ज आहे, दारूच्या पायी होणारी मारहाण आहे, शाळेत आणि कचेरीत जातीवरून होणारा अपमान आहे. अशा बाईला नुसते ‘श्वासाकडे लक्ष दे’ म्हणणे म्हणजे पायातला काटा न काढता लंगडू नकोस म्हणणे होय. मारहाण थांबविणे हाही उपचारच आहे.

आता औषधाविना उपचारांविषयी. आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. एक म्हणतो, गोळी घेतली की झाले. दुसरा म्हणतो, विपश्यनेला बसले की गोळीची गरज नाही. दोघांनीही पुरावा पाहिलेला नसतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांना स्मृतीची, म्हणजे सतीची साधना शिकविण्यास सुरुवात केली. त्यातूनच पुढे सेगल, विल्यम्स व टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी उदासीनतेच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. २००० साली त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा हा आजार होऊन गेला होता, त्यांच्यापैकी नेहमीचीच देखभाल मिळालेल्या शंभरांत ६६ जणांचा आजार वर्षभराच्या आसपास उलटला. साधना शिकलेल्यांत तो ३७ जणांचा उलटला. आपल्या मूळ सतिपट्ठानाचा धागा असा परदेशी दवाखान्यात कामी आला, याचा आनंद आहेच. पण आनंदाच्या भरात पुढचे वाक्य गाळू नये. ज्यांना आजार दोनदाच झाला होता त्यांना त्या चाचणीत फायदा दिसला नाही. शिवाय ही माणसे बरी झाल्यावर साधनेला बसली होती, आजाराच्या ऐन भरात नव्हे. इंग्लंडमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साधना करीत औषध हळूहळू कमी करणाऱ्यांत दोन वर्षांत शेकडा ४४ जणांचा आजार उलटला, औषध चालू ठेवणाऱ्यांत ४७ जणांचा. म्हणजे जवळजवळ सारखेच. औषध कमी करण्यावरही तिथे डॉक्टरांची देखरेख होती. कुणी मनाने गोळ्या फेकल्या नव्हत्या.

इगतपुरीला १९७६ साली सुरू झालेल्या धम्मगिरीचे नियमही हेच सांगतात. साधना ही वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिराला बसू नये, असे तिथे अर्जाच्या वेळीच सांगितले जाते. दहा दिवसांचे मौन निरोगी मनाला झेपते. सहा आठवड्यांच्या ओल्या बाळंतिणीला मी तिथे पाठवायला निघालो होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग आजाराच्या भरात काय करावे? आपल्या शेजारच्या गोव्यातील एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तिथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, या कामासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी. भेटीत उपदेश नव्हता. रुग्णाने सोडून दिलेल्या लहान लहान गोष्टी पुन्हा कशा सुरू होतील, एवढीच आखणी: आज अंगणात दहा मिनिटे बसणे, उद्या बहिणीला भेटणे, परवा बाजारातून भाजी आणणे. मन प्रसन्न झाल्यावर काम करायचे अशी वाट पाहायची नाही. कामाचा लहानसा तुकडा आधी, मन त्याच्या मागून. तीन महिन्यांनी असा आधार मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण आजारातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ जण.

हे वाचले तेव्हा मला पटाचारा आठवली. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले, आईबाप व भाऊ पडलेल्या घराखाली गेले. ती भान हरपून विवस्त्र फिरत होती. लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला येऊ दिले, भानावर ये म्हणाले, आणि जवळच्या एका माणसाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. अनित्यतेचा उपदेश त्यानंतर झाला. आधी पांघरूण, मग प्रवचन, हा क्रम आम्ही उलटा केला होता.

विनयातील अतिसाराच्या भिक्खूची कथाही तुम्हाला ठाऊक असेल. तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आनंदासह त्याला धुतले, खाटेवर निजविले आणि इतर भिक्खूंना विचारले, याची शुश्रूषा का केली नाही? उत्तर आले की, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही. आपल्या घरात कामाला न उठणाऱ्या सुनेबद्दल नेमके असेच बोलले जाते.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. दादा वहिनींना जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाळंतपणानंतर अशी उदासीनता येते, हा आजार आहे आणि तो बरा होतो, असे डॉक्टरांनी घरातल्या सर्वांसमोर सांगितले. आई त्या दिवशी प्रथमच वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवून रडली. गोळ्या काही महिने चालल्या. रात्रीचे मूल दादांनी सांभाळायचे ठरले, कारण झोप हेही औषधच. आई रोज संध्याकाळी त्यांना विहिरीपर्यंत चालवून आणी. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली होती: मरणाची भाषा निघाली, भास होऊ लागले किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तासभरही न थांबता इस्पितळ गाठायचे. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही.

वहिनी आता रविवारी वंदनेला येतात, मागच्या बाजूला बसतात. मागच्या पावसाळ्यात वस्तीतली एक लेकुरवाळी अशीच गप्प झाली, तेव्हा लोक बोलू लागायच्या आधी वहिनी भाकरी आणि पिठल्याचा डबा घेऊन तिच्या घरी गेल्या. तिचे मूल मांडीवर घेऊन दुपारभर बसल्या, तिला म्हणाल्या, ‘तू नीज जरा.’ धम्मपदाची ती प्रत अजून माझ्याच कपाटात आहे.