फिनिशिंग तेवढं राहिलंय!

"सर, व्हाईस झालाच आहे, फिनिशिंग तेवढं राहिलंय." हे वाक्य आता माझ्यापुढे काढायचं नाही. उन्हाळ्यात ऐकलं. पावसाळ्यात ऐकलं. सारंगखेड्याच्या यात्रेत भेटलास, तर घोड्यांच्या धुळीत उभा राहूनही तेच. राहिलंय म्हणजे नेमकं काय राहिलंय रे? जबडे एका टोकाला भिडतात आणि दुसऱ्या टोकाच्या फटीतून थेट प्रकाशा गावचं देऊळ दिसेल. वेल्डिंगचे गोळे जिथल्या तिथे, वरचा स्लॅगसुद्धा झाडलेला नाही. कापलेल्या चॅनलला बर इतकी, की हात फिरवला तर रक्त येईल. याला 'झालाच आहे' म्हणतात?

आणि तो एकटाच थोडा आहे! पत्रा कापायची कात्री पडलीय, तिला दांडा नाही. पट्ट्याचा ग्राइंडर आहे, त्याला पट्टा नाही. ड्रिलचा स्टँड उभा आहे, पण वर-खाली सरकत नाही. ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावतं, विचारतं, "काय करी राहिना भो?" आणि तू छाती काढून सांगतोस, नवं मशीन बनवतोय. मागच्या मशीनचं काय झालं, हे त्या बिचाऱ्याला विचारायचं सुचत नाही. मला सुचतं.

तुला येत नसतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. न येणाऱ्याला शिकवायचा मला पगार मिळत होता. पण फिटर ट्रेडची दोन वर्षं तू माझ्या डोळ्यांदेखत काढलीस. तुझं मेल-फीमेल फिटिंग उजेडासमोर धरलं, तर जोडाची रेघ शोधावी लागायची. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना दाबली की दात मरतात. कणी अडकू नये म्हणून आधी दातांवर खडू चोळायचा. हे मी तुला शिकवलं आणि तू मागच्या बाकावरच्या पोरांना. एम १० च्या आट्यांना ड्रिल किती? ८.५. दहातून दीडचा पिच वजा, झोपेतून उठवलं तरी सांगशील. मग जबड्याला ९ चं भोक का?

"८.५ चं तुटलं होतं सर."

तुटलं होतं! अख्ख्या शहाद्यात ड्रिल मिळत नाही? आणि टॅप? तीनच्या सेटमधला पहिलाच फिरवलास आणि बोल्ट दोन फेरे आत गेल्याबरोबर पुढचे दोन पुन्हा डबीत ठेवलेस. आटे उथळ, म्हणून बोल्ट धरत नाही. बोल्ट धरत नाही, म्हणून जबड्याची प्लेट डगडगते. प्लेट डगडगते, म्हणून फट. आता ती फट लपवायला वरून वेल्डिंगचा एक टाका मारायचा विचार चाललाय ना? चेहऱ्यावर दिसतंय.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. तुला नाचता येतं, तरी अंगण वाकडं!

कारणांची तुझ्याकडे कमी नाही. लाईट नव्हती. कानस लाईटवर चालते का? माल सुरतेहून यायचाय. सुरत-भुसावळ लाईनवर रोज गाड्या धावतात, तुझा मालच तेवढा कुठल्या स्टेशनात अडकलाय? मग उसाचा हंगाम आला, ट्रॉल्यांची रांग लागली. मग होळी. मग पेरणी. बारा महिन्यांत एका व्हाईसला मुहूर्त नाही, पण मोबाईलवर परदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ बघायला रात्रीचे बारा वाजतात.

छिन्नीचंही तेच. गाडीचा पाटा कापलास, तापवून छान घडवलीस. लालबुंद झाली, बादलीत बुचकळलीस, चुर्र आवाज आला, मजा आली, संपलं. पाट्याचं पोलाद तेलात विझवायचं हे तुला ठाऊक होतं. पण बादली जवळ होती आणि तेल आणायला चार पावलं चालावं लागलं असतं. नंतर धार घासून चकचकीत करायची, मागून मंद शेक द्यायचा, पिवळा रंग सरकत सरकत धारेपाशी जांभळा झाला की थांबवायचं. हा टेंपर दिलास? नाही दिलास. म्हणून दुसऱ्या घावाला टवका उडाला. तो डोळ्यात गेला नाही, ही तुझी हुशारी नव्हे.

रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल पडतं, तिथे कधी उभा राहिलास? जमिनीत रोवलेली ऐरण, एक भाता, एक सांडशी. नवरा तापलेलं लोखंड धरून फिरवतो, बायको उभ्याने घण घालते. ना ड्रिल, ना छप्पर. कोयता घडतो, पाणी दिलं जातं, धार लागते आणि दिवस मावळायच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. गिऱ्हाईक अंगठ्यावर धार बघतं आणि बरं-वाईट जे असेल ते तोंडावर सांगतं.

इथेच तुझं घोडं पेंड खातं. अर्धवट व्हाईसला कोणी वाईट म्हणत नाही. पुरा झाला, की त्याला गुण्या लागणार, फट मोजली जाणार, त्यात पाईप धरून कोणीतरी पिळणार आणि सुटला तर तुझं नाव घेणार. त्यापेक्षा 'फिनिशिंग राहिलंय' बरं. त्या दोन शब्दांच्या आड तू अजून तालुक्यातला सर्वांत चांगला फिटर आहेस. आळशी तू आहेसच, पण त्याहून जास्त भित्रा आहेस.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते, म्हणून शेतकरी त्याला शिवेनात. नावं ठेवली, पण कशाला? पुऱ्या झालेल्या, उभ्या केलेल्या नांगराला. 'फाळ तेवढा बसवायचा राहिलाय' म्हणत तो माणूस शेडमध्ये बसला असता, तर त्याला कोणी नावंही ठेवली नसती आणि पुढे १९१० ची किर्लोस्करवाडीही झाली नसती.

"पण सर, सरफेस प्लेट नाही, सपाट घासलं की नाही हे कळणार कसं?" हा प्रश्न मात्र चांगला आहे. उत्तरही जुनं आहे. जोसेफ व्हिटवर्थने ते १८४० साली ग्लासगोत शास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडलं. तीन प्लेटा घ्यायच्या. एकीला निळा रंग लावून दुसरीवर टेकवायची, जिथे डाग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. दोनच घेतल्या तर फसगत होते. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली, तरी दोघी एकमेकींवर झकास बसतात. तिसरी आळीपाळीने दोघींवर टेकवली की लबाडी बाहेर पडते. तुझं आणि तुझ्या त्या मित्राचं असंच जमलंय. तू म्हणतोस भारी झालंय, तो म्हणतो एक नंबर. म्हणून मी येतो, आणि म्हणून मी आलो की तुम्हा दोघांना चहा आणायचं सुचतं.

ज्या परदेशी कारागिरांचे व्हिडिओ बघतोस, त्यांच्या आधीचा अमेरिकेचा डेव्ह जिंजरी भंगारातून अख्खं वर्कशॉप उभं करायला पुस्तकांतून शिकवून गेला. त्याचा क्रम बघ. आधी कोळशाची भट्टी. भट्टीत ओतलेल्या भागांचा लेथ. मग शेपर, मग मिलिंग. भट्टी अर्धवट राहिली तर लेथ नाही. तुझा क्रम काय? व्हाईस अर्धवट म्हणून कात्री सुरू, कात्रीचा तुकडा धरायला व्हाईस नाही म्हणून ग्राइंडर सुरू. आरंभशूर म्हणतात याला. आणि पुढचं स्केच तू खडूने भिंतीवर काढून ठेवलंयस, तेही मी पाहिलंय. पुसून टाक.

आता ऐक. जबड्याचं जुनं भोक सोड, बाजूला नवं मार, ८.५ चं, आणि तिन्ही टॅप चालव. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालून. चॅनलची बर आधी काढ. जबड्यांना डाग बघून घास, गुण्या लावून उजेडासमोर धर आणि उजेड दिसला तर मला फोन करू नकोस, पुन्हा घास. तुझ्या वेल्डिंग मशीनचा होल्डर मी काढून माझ्या डिकीत टाकलाय. व्हाईस घेऊन येशील तेव्हा परत मिळेल, तोवर नवं काही चिकटवायची सोय नाही. आणि त्या कानशीला आधी मूठ बसव. तिचं उघडं टोक तळहातात घुसलं, तर ते कारणही मलाच ऐकावं लागेल.