निवडून मारणे : झुडपे, तणनाशक आणि अहिंसेचा प्रश्न

निवडक तणनाशक म्हणजे एका जातीच्या वनस्पतीला मारून तिच्या शेजारच्या दुसऱ्या जातीला सोडून देणारे रसायन. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला त्याची ओळख झाली ती मुख्यतः सोयाबीनमुळे. इमॅझेथापायर फवारले तर सोयाबीनचे रोप ते पचवते, बरेचसे तण पचवू शकत नाही; क्विझालोफॉप गवतवर्गीय तणाला मारते आणि रुंद पानाच्या सोयाबीनला सोडते. पिकात रुळलेली ही पद्धत धुरे, पडीक रान, ओढ्याचा काठ आणि गायरान इथल्या झुडपांपर्यंत पोचते तेव्हा प्रश्नाचे रूप पालटते. पिकातले तण एका हंगामाचे असते. वेडी बाभूळ, बोराटी, घाणेरी, रुई, तरवड ही खोड धरून वर्षानुवर्षे उभी राहणारी, फुलणारी-फळणारी झाडोरी आहे आणि तिचा कोणाला ना कोणाला उपयोग असतो. तिला मुळासकट मारणे ही हिंसा आहे का, असल्यास क्षम्य आहे का, आणि रसायन निवड करून मारते एवढ्याने तिचा दोष कमी होतो का, हे प्रश्न शेतीशास्त्राला एकट्याने सुटणारे नाहीत.

लाकडी खोडाच्या झुडपापुढे कुऱ्हाड अपुरी पडते. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की बुडख्यावरचे डोळे फुटतात आणि एका खोडाच्या जागी अनेक धुमारे येतात. म्हणून मुळापर्यंत उतरणाऱ्या रसायनाचा शोध सुरू झाला. १९४० च्या दशकात पुढे आलेले २,४-डी हे या वर्गातले पहिले मोठे नाव. वनस्पतीची वाढ चालवणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानाची वनस्पती त्यामुळे वेडीवाकडी वाढू लागते, देठ पिळवटतात, अन्नवाहिन्या निकामी होतात आणि ती मरते. गवते मात्र ते बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. कुरणातल्या झुडपांसाठी अमेरिका-ऑस्ट्रेलियात वापरले जाणारे ट्रायक्लोपायर याच तत्त्वावर चालते. ही रसायने दोन रीतींनी वापरता येतात. एकीत सगळ्या पानोऱ्यावर फवारणी होते. दुसरीत झुडूप तोडून, कापलेला बुडखा ओला आहे तोवरच, सालीलगतच्या कड्याला ब्रशने औषध लावले जाते. दोन्हींमध्ये झाड मरते. पण पुढे दिसेल तसे, नीतीच्या दृष्टीने या दोन कृती एक नाहीत.

झुडपे काढण्यामागचे कारण पोकळ नाही. लातूर हा राज्यातल्या सर्वांत कमी वनांच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. नांदेडमध्ये किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, पण कंधार, मुखेड, देगलूरकडचे रान उघडे, गवताळ आणि मुरमाड आहे. देवणी आणि लाल कंधारी या गाई-बैलांच्या जाती याच रानात घडल्या. त्यांची नावेच देवणी आणि कंधार या गावांवरून पडली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणलेली मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची वेडी बाभूळ अशा गवताळ जमिनीत शिरली की तिच्या दाट सावलीखाली गवत विरळ होत जाते. शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी पसरवतात. चराई गेली की जनावर जाते. त्यामुळे झुडूप मारणारा माणूस गवताचा आणि गाईचा जीव वाचवतो, असे म्हणण्याला आधार आहे. त्याच वेळी याच वेड्या बाभळीच्या सरपणावर आणि कोळशावर भूमिहीन घरांची चूल चालते, तीव्र दुष्काळात हिरवे राहणारे झाड तेच असते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात मधमाश्यांना तिचा फुलोरा मिळतो. एकाच झाडाला एका घरात पीडा आणि दुसऱ्या घरात आधार मानले जाते, आणि दोन्ही घरे खरे बोलत असतात.

वनस्पतीला जीव आहे का, याबद्दल इथल्या परंपरांना फारशी शंका नव्हती. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात भरद्वाज विचारतो की झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग ती पंचमहाभूतांची कशी? भृगू उष्णतेने पान कोमेजणे, वेलीने वाट काढत झाडाला वेढणे, मुळांनी पाणी पिणे हे दाखले देऊन झाडांना संवेदना असल्याचे सांगतो. मनुस्मृतीही वनस्पतींना आंतरिक जाणीव आणि सुखदुःख असल्याचे मानते, आणि फळझाडे, झुडपे, वेली तोडण्याला प्रायश्चित्त सांगते. त्याच ग्रंथात नांगराचे लोखंडी टोक भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना इजा करते म्हणून शेतीच्या धंद्यावर ठपका आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मानली गेली, आणि त्यांच्या दोषासाठी रोजचे पाच यज्ञ सांगितले गेले. या विचारातला मुद्दा महत्त्वाचा आहे: जगण्यासाठी होणारी हिंसा टाळता येत नाही म्हणून तिला हिंसा म्हणायचेच नाही, अशी सूट इथे कोणी घेतली नाही.

जैन विचाराने हे सर्वांत बारकाईने मांडले. वनस्पती एकेंद्रिय जीव. तिला स्पर्शाची जाणीव असते. साधूला तिची हिंसाही वर्ज्य. गृहस्थासाठी मात्र संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे प्रकार पाडले गेले. जाणूनबुजून, मारण्यासाठी मारणे ही संकल्पी हिंसा त्याने पूर्ण सोडावी. पोटापाण्याच्या उद्योगातली हिंसा जपून, कमीत कमी करावी. झुडपावरचे तणनाशक यांपैकी कुठे बसते? हेतू चराई वाचवण्याचा असला तर ती उद्योगी हिंसा. पण कृती पाहिली तर एका जिवाला ओळखून, ठरवून, मुळापर्यंत मारणे आहे, म्हणजे संकल्पाच्या फार जवळ. श्वेतांबर परंपरेने श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत जंगलतोडीचा धंदा, वणवा लावणे आणि विषाचा व्यापार ही तिन्ही आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राच्या योगशास्त्रानेही ती यादी दिली. त्या यादीचा रोख एका कृतीपेक्षा धंद्यावर अधिक आहे. तो नियम आज गांभीर्याने घेतला तर प्रश्न शेतकऱ्याच्या पंपाशी थांबत नाही. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यापर्यंत आणि कारखान्यापर्यंत जातो.

मराठवाड्याच्या स्वतःच्या आठवणीत या प्रश्नाची एक कथा आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते; ते नांदेडच्या शेजारचेच. लहानग्या नामदेवाला आईने झाडाची साल आणायला पाठवले. साल काढताना पाझरलेला चीक पाहून झाडाला काय वाटले असेल हे कळावे म्हणून त्याने आपल्याच पायाची कातडी सोलली, असे लोक सांगतात. साल औषधासाठीच हवी होती. कथा ते कारण नाकारत नाही. ती एवढेच मागते की घाव घालणाऱ्याला घाव माहीत असावा.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, गीतेतल्या ‘अहिंसा’ या एका गुणावर भाष्य करताना, ज्ञानेश्वर आधी इतरांची मते मांडतात, आणि त्यातला भाग या विषयाला थेट भिडतो. यज्ञातली हिंसा अहिंसेसाठीच आहे असे म्हणणे कसे, तर झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुडख्याला त्यांचे कुंपण करावे तसे. अनावृष्टीने जीव पीडले जातात म्हणून पाऊस पडावा यासाठी याग करायचा, आणि त्या यागाच्या मुळाशी पशूचा वध. त्यानंतर ते आयुर्वेदाकडे वळतात. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला कोणी मुळासकट उपटतो, कोणी साल सोलतो, कोणी गाभा उकळतो. ज्या झाडांनी कोणाशी वैर केले नाही त्यांचा हा घात. इ.स. १२९० मध्ये नेवाशाला लिहिल्या गेलेल्या या ओव्यांत युक्तिवादाचा जो सापळा उघड केला आहे तो आजही तसाच आहे. गवत वाचवण्यासाठी झुडूप मारायचे, गाय वाचवण्यासाठी गवत वाचवायचे. प्रत्येक पायरीवर ‘साठी’ येत जाते आणि हिंसा त्याखाली झाकली जाते. ज्ञानेश्वर औषध घेऊ नका असे सांगत नाहीत. त्यांचा आक्षेप या हिंसेलाच अहिंसा म्हणण्यावर आहे. स्वतःचे मत सांगताना ते कारणांची चर्चा सोडून अहिंसक माणसाच्या चालण्या-बोलण्याचे, हाताच्या स्पर्शाचे वर्णन करतात: तो जिवांवर पाय पडेल म्हणून किती जपून पाऊल टाकतो. कसोटी हेतूवरून आचरणावर येते, आणि तणनाशकाच्या बाबतीत नेमकी तीच कसोटी उपयोगी आहे.

बौद्ध विनयात भिक्षूने वनस्पती तोडणे हा दोष आहे. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. गृहस्थावर ही बंधने नाहीत, पण कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, आहे हे तत्त्व त्यालाही लागू आहे. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली महानिर्वाण झाले; तिथल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे शीख विचार या भूमीत परका नाही. गुरू नानकांनी ‘आसा दी वार’मध्ये सोवळ्याची भीती बाळगणाऱ्यांना सुनावले आहे की शेणात, लाकडात, धान्याच्या प्रत्येक दाण्यात आणि पाण्यातही जीव आहे, मग विटाळ कुठवर पाळणार? लिंगायत परंपरा, जी लातूर-नांदेडच्या गावोगावी आहे, कष्टाला कायक म्हणून पूज्य मानते, पण बसवेश्वरांच्या मते दयेवाचून धर्म नाही. या तिन्ही वाटा हात पूर्ण निर्मळ ठेवण्याचा हट्ट सोडतात आणि काम कसे केले जाते यावर भर देतात.

आता निवडकपणाकडे. रसायनाची निवड जातीवर चालते, व्यक्तीवर नाही. २,४-डी रुंद पान ओळखते. ते पान गायरान गिळणाऱ्या घाणेरीचे आहे की शनिवारी मारुतीला माळ करतात त्या रुईचे, की नवरात्रात घटावर ज्याची फुले चढतात त्या तरवडाचे, हे ते ओळखत नाही. क्विझालोफॉपला जी हराळी मारायची असते तीच गणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाते. वाऱ्याबरोबर गेलेला २,४-डीचा तुषार शेजारच्या कापसावर पडला की पाने भेंडीसारखी अरुंद आणि फाटलेली येतात. नीट न धुतलेल्या पंपातला अंशही कधी कधी पुरतो. ‘निवडक’ हे विशेषण म्हणजे प्रयोगशाळेत दिलेले आश्वासन. रानात ते खरे होणे वारा, वेळ, मात्रा आणि माणसाची काळजी यांवर अवलंबून असते. इतिहासात याचा भयानक दाखला आहे. झुडपांवर विशेष प्रभावी ठरलेले २,४,५-टी आणि २,४-डी यांचे मिश्रण अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलांवर ओतले. ही फवारणीची मोहीम १९६२ ते १९७१ अशी चालली. २,४,५-टीमध्ये डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य मिसळलेले होते आणि त्याचे परिणाम माणसांच्या पुढच्या पिढ्यांवर झाले. शेतातल्या झुडपासाठी बनवलेले द्रव्य जंगलावर आणि जंगलात राहणाऱ्यांवर वापरायला वेगळे रसायनशास्त्र लागले नाही.

म्हणून निवडीची जबाबदारी बाटलीवर टाकता येत नाही. बुडख्याला ब्रशने औषध लावणारा माणूस एकेका झाडासमोर उभा राहतो. हे हिवर आहे, हे बोरीचे आहे, हे ठेवायचे, हे काढायचे, असा निर्णय प्रत्येक वेळी त्याला करावा लागतो. द्रव्य कमी लागते, शेजारचे रोप वाचते, आणि जे मरते ते ओळखून मारलेले असते. पंप पाठीला लावून अख्खा ओढा फवारणाऱ्याकडून हे घडत नाही. तिथे निवड रसायनाची आणि दोष कोणाचाच नाही अशी स्थिती होते. नामदेवाची कथा आणि ज्ञानेश्वरांची जपून टाकलेल्या पावलाची कसोटी लावली तर पहिली कृती समर्थनीय ठरू शकते, दुसरी ठरत नाही. पहिल्या रीतीला वेळ आणि मजुरी जास्त लागते हा आक्षेप खरा आहे. पण हिंसा कमी करण्याला किंमत पडते हे या परंपरांनी कधी लपवले नव्हते.

मार्गशीर्षात वेळा अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत सगळे गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पांडव आणि लक्ष्मी पूजतात, भज्जी-उंडे-आंबिलीचा नैवेद्य होतो आणि आंबील शेतभर शिंपडतात. जमीन ही पूजेची वस्तू आहे असे मानणाऱ्या माणसाने तिच्यावर काय शिंपडावे याचाही विचार करणे ओघाने येते. या सणाशी तणनाशकाचा थेट विरोध नाही. पण जिवंत म्हणून पुजलेल्या भूमीवर आंधळी फवारणी करणे ही श्रद्धेतली विसंगती आहे.

उरतो माणसांचा प्रश्न, आणि तो झाडाच्या प्रश्नाइतकाच धर्माचा आहे. फवारणारा बहुधा मालक नसतो. सालगडी किंवा रोजंदार असतो. २०१७ साली नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तणनाशकांतही बिनधोक असे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला कर्करोग होण्याचा बराच संभव असलेल्या आणि २,४-डीला तसा काही संभव असलेल्या द्रव्यांच्या गटात टाकले. ग्लायफोसेट, जे निवडक नाही, त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच व्हावा अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. हातमोजे, मुखपट्टी, साबण-पाणी यांची सोय न करता दुसऱ्याला पंप देणारा मालक झाडाच्या हिंसेवर माणसाची हिंसा चढवतो. खुरपणाऱ्या बायकांची मजुरी तणनाशकाने जाते हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. ती मजुरी कष्टाची आणि कमी होती, म्हणून ती गेल्याचे दुःख करू नये, असे त्या बायकांच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवू नये.

गायरानावर तर एकट्या माणसाची निवड पुरेशीच नाही. तिथली बाभूळ कोणाच्या चुलीत जाते, कोणाच्या शेळ्या तिच्या शेंगांवर जगतात, गवत वाढले तर ते कोणाच्या जनावरांना मिळणार, आणि ज्या भूमिहीन कुटुंबांनी गायरानाचा तुकडा कसायला घेतला आहे त्यांच्या पिकावर तुषार जाणार का, हे ग्रामसभेत त्या घरांना समोर बसवून ठरले पाहिजे. कोणती झाडे तोडायची, कोणती राखायची, तोडलेले सरपण कोणी न्यायचे, बुडख्याला औषध कोणी आणि कोणत्या साधनांनिशी लावायचे, आणि रिकाम्या बाटल्या ओढ्यात न जाता कुठे जातील, हे सगळे पहिला घाव घालण्याआधी ठरवण्याचे आहे.