गुलामगिरीचे युद्ध आणि वऱ्हाडचा कापूस

एखाद्या मनुष्याने अन्याय केला नाही, त्यास संमती दिली नाही, तो कोठे घडतो हेही त्यास ठाऊक नव्हते. परंतु तो अन्याय मोडण्यासाठी दूर देशी जो रक्तपात झाला त्यामुळे त्याच्या घरी पैसा आला. अशा मनुष्यास निर्दोष म्हणावे काय? आणि निर्दोष म्हटले तरी तो कोणाचे काही देणे लागतो काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा आहे असे वाचकांनी समजू नये. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत ज्यांची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्या पूर्वजांच्या ओसरीवर हा प्रश्न 1861 साली येऊन बसला होता. मात्र त्याची भाषा त्यांस कळत नव्हती, कारण तो रुपयांच्या रूपाने आला होता.

त्या साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्ध पेटले. त्याचे मूळ शोधू गेले असता ते कापसाच्या शेतातच सापडते. 1793 साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले, आणि दक्षिणेकडील संस्थानांत कापसाची लागवड झपाट्याने वाढली. लागवड वाढली तशी राबणाऱ्या हातांची भूक वाढली. 1790 साली त्या देशात सुमारे 7 लक्ष गुलाम होते. 1860 साली ते सुमारे 40 लक्ष झाले. यंत्राने मनुष्याचे ओझे हलके होते असे आपण म्हणतो. येथे एका यंत्राने लक्षावधी मनुष्यांच्या पायांतील बेडी घट्ट केली. यंत्र दुष्ट नव्हते. परंतु त्याच्या लाभाची वाटणी करणारे मन न्यायी नव्हते.

पुढाऱ्यांस हा अन्याय दिसत नव्हता असे नाही. 1820 साली त्यांनी एक तडजोड केली, 1850 साली दुसरी केली, आणि 1854 साली नव्या प्रांतांत गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील रहिवाशांच्या मतांवर सोपविले. प्रत्येक वेळी शांतता राखल्याचे समाधान झाले. पण ज्यांच्या पाठीवर आसूड पडत होता त्यांस त्या शांततेत वाटा नव्हता. ख्रिस्ती मंडळ्याही या पापापासून अलिप्त राहिल्या नाहीत. मेथडिस्ट मंडळी 1844 साली व बॅप्टिस्ट मंडळी 1845 साली याच प्रश्नावरून दुभंगली, आणि दक्षिणेकडील अनेक उपदेशकांनी शास्त्रातील वचने काढून गुलामगिरीचे समर्थन केले. ग्रंथ पवित्र असला म्हणजे वाचणाऱ्याचा हेतू पवित्र होतोच असे नाही, याचे याहून दुःखदायक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कित्येक जण आजही म्हणतात की, ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, संस्थानांच्या हक्कांसाठी होते. या म्हणण्याचा विचार केला पाहिजे. 1850 च्या कायद्याने उत्तरेत पळून आलेला गुलाम त्याच्या धन्यास परत देणे उत्तरेकडील लोकांस भाग पाडले. तो कायदा दक्षिणेनेच मागितला होता. तेव्हा उत्तरेकडील संस्थानांच्या हक्कांची चाड तिला वाटली नाही. शिवाय मिसिसिपी संस्थानाने 1861 साली संघराज्य सोडताना जी कारणे जाहीर केली, त्यांत गुलामगिरीशी आपला संबंध अभेद्य आहे असे आरंभीच सांगितले. मनुष्य भांडणाच्या भरात जे कारण सांगतो ते खरे असते. हरल्यानंतर सांगितलेले कारण पुष्कळदा सोयीचे असते.

नोव्हेंबर 1860 मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्ष निवडून आले. गुलामगिरी जेथे आहे तेथे तिला हात न लावता तिचा विस्तार मात्र थांबवावा, एवढेच त्यांचे तेव्हाचे म्हणणे होते. तेवढेही दक्षिणेस सोसले नाही. एकामागून एक सात संस्थाने फुटून निघाली, आणि 12 एप्रिल 1861 रोजी समटर किल्ल्यावर तोफ डागली गेली. आरंभी उत्तरेचा हेतू संघराज्य राखण्याचा होता. परंतु युद्ध लांबले तसा मूळ प्रश्न टाळता येईना. 1 जानेवारी 1863 रोजी लिंकन यांनी बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. सुमारे 1 लक्ष 80 हजार कृष्णवर्णी पुरुष उत्तरेच्या सैन्यात लढले. म्हणजे स्वातंत्र्य त्यांस केवळ दान मिळाले नाही, त्यांनी ते रक्त देऊन घेतले. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचा पराभव झाला. 9 एप्रिल 1865 रोजी सेनापती ली शरण आले. आणि सहाच दिवसांनी, मारेकऱ्याच्या गोळीने घायाळ झालेल्या लिंकन यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी सर्व देशातून नष्ट झाली. तोपर्यंत सहा लक्षांहून अधिक सैनिक मेले होते. ज्या न्यायाचे देणे तडजोडी करून पुढे ढकलले, ते शेवटी असे व्याजासह फेडावे लागले.

आता वऱ्हाडाकडे वळू. युद्धापूर्वी इंग्लंडातील गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविताच तो आटला, आणि गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे, विशेषतः निजामाने 1853 साली इंग्रजांच्या हवाली केलेल्या या वऱ्हाडाकडे लागली. भाव कित्येक पटींनी चढले. नागपूरपर्यंत रेल्वे 1867 साली पोहोचली, म्हणजे युद्ध संपल्यावर. म्हणून तेजीच्या त्या वर्षांत पूर्णेच्या खोऱ्यातील पऱ्हाटीचे बोंड बैलगाड्यांनीच दूरची वाट चालले. कुणब्यांनी गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, अशा गोष्टी त्या काळाविषयी सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, लोकांच्या मनात त्या सुबत्तेचे चित्र असे राहिले. पण लोभही वाढला. कापसात सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढविण्याचा प्रकार इतका बोकाळला की मुंबई सरकारास 1863 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईत कापसाच्या पैशावर भागभांडवलाच्या कंपन्यांचा सट्टा माजला, आणि 1865 साली शांततेची वार्ता येताच तो कोसळला. वाचकहो, थोडे थांबून पाहा: चाळीस लक्ष माणसे बंधनातून सुटली, आणि ती वार्ता मुंबईच्या पेढ्यांवर आकांत घेऊन आली!

त्याच काळात लँकशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडून मजुरांच्या चुली विझल्या होत्या. उत्तरेची नाकेबंदी मोडावी, असे त्यांनी आपल्या सरकारास म्हटले असते तर नवल नव्हते. काहींनी तसे म्हटलेही. तथापि 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टर येथील सभेत जमलेल्या मजुरांनी लिंकन यांस पत्र पाठवून गुलामांच्या मुक्तीस पाठिंबा दिला, आणि जानेवारी 1863 मध्ये लिंकन यांनी त्यांस उत्तर लिहून त्यांच्या त्यागाचा गौरव केला. उपाशी पोटी त्यांनी दूरच्या भावाची बाजू घेतली. आमच्या कुणब्याने तसे का केले नाही, असा दोष देणे अन्यायाचे होईल. त्यास कोणी सांगितलेच नव्हते. पण ज्यांस वर्तमानपत्रे वाचता येत होती त्या मुंबईच्या सटोडियांस ही सबब नाही.

युद्धानंतर काय झाले? भाव उतरले, पण चढत्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज उतरले नाही. धान्याच्या जमिनीत कापूस उभा राहिला आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाडाची दैना केली. 1891 ते 1901 या दहा वर्षांत येथील लोकसंख्या वाढण्याऐवजी शेकडा पाचाच्या सुमारास घटली. तिकडे मुक्त झालेल्या गुलामास जमीन मिळाली नाही. तो बटाईने जुन्या धन्याचेच शेत करू लागला आणि दुकानदाराच्या कर्जात बुडाला. अमेरिकेतील हा कृष्णवर्णी शेतकरी व वऱ्हाडातील कुणबी यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. तरी एकाच भावाच्या दोरीने दोघेही बांधले गेले. एकाचे नुकसान ते दुसऱ्याचा लाभ हा हिशेब फार काळ टिकत नाही, हेच यावरून दिसते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे: न जाणता लाभ घेणारा अपराधी नव्हे, परंतु तो ऋणी आहे. अपराधास शिक्षा असते; ऋणास फेड असते. आणि ज्याच्यापासून लाभ झाला तो दूर असला, किंवा मरून गेला असला, तर त्याच्यासारखा जो कोणी आपल्या दाराशी उभा आहे त्यास ते ऋण फेडावयाचे असते.

आपल्या दाराशी तसे कोणी नाही असे कोण म्हणेल? कंपनी सरकारने 1843 साली आपल्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पण जातीची बेडी राहिलीच. जोतीराव फुले यांनी ही गोष्ट ओळखली. गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस त्यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. तो केवळ स्तुतीसाठी नव्हे, तर आपल्या देशबांधवांनीही तसेच करावे म्हणून. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीस डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा अमेरिकेतील त्या युद्धास साठ वर्षे उलटून गेली होती. वेठबिगार मोडण्याचा कायदा तर 1976 साली झाला.

कायदे झाले, आता हिशेब उरला आहे तो घराघरांचा. आपल्या सालदारास वर्षाच्या अखेरीस हातात काय उरते? आगाऊ दिलेल्या रकमेने आपण त्यास पुढील वर्षासाठी बांधून तर घेत नाही ना? भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईचे माप तिच्यासमोर, खऱ्या काट्याने होते काय? भाव चढला तर तिची मजुरी चढते, की भाव उतरल्यावरच तिची आठवण होते? काइनाने भावाविषयी जो उद्धट प्रश्न विचारला, तो शेतात उभे राहून आपणही मनात विचारतो. फरक इतकाच की आपण तो मोठ्याने बोलत नाही.

एका राष्ट्राने हे प्रश्न सत्तर वर्षे पुढे ढकलले आणि त्यांची उत्तरे रणांगणावर दिली. आपणांस ती येत्या वेचणीच्या दिवशी, शेताच्या बांधावर, काट्याजवळ देता येतील. तेथे तोफ लागत नाही. थोडा लोभ सोडावा लागतो इतकेच.