बराखीतला कांदा

अवसरी खुर्दला एक वयस्कर ख्रिस्ती शेतकरी राहत होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. उन्हाळी कांदा काढला की बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, भरायचा आणि भाव आला की मंचरच्या बाजार समितीत न्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. एका पावसाळ्यात बराखीला वास सुटला. बराच कांदा सडला होता. बाबांचं जेवणातलं लक्ष उडालं. रविवारच्या उपासनेलाही ते येईनात.

मंडळीचे तरुण पाळक भेटीला आले. बाबा म्हणाले, "पाळकसाहेब, कांदा सडला, पण..."

"समजलं मला, बाबा," पाळक मध्येच म्हणाले. त्यांनी ईयोबाची गोष्ट सांगितली. गुरंढोरं गेली, लेकरं गेली, तरी त्यानं देवाला सोडलं नाही. तुमचंही नुकसान भरून निघेल, धीर धरा, असं म्हणून त्यांनी प्रार्थना केली. शब्द मनापासूनचे होते. बाबांनी 'आमेन' म्हटलं आणि ते पुन्हा मान खाली घालून बसले.

रात्री पाळकांनी आईला सारं सांगितलं. "इतकं बोललो, पण त्यांच्या मनाला काही पोचलं नाही."

आईनं विचारलं, "ते काय सांगत होते?"

पाळकांना उत्तर देता येईना.

आई म्हणाली, "अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठव. प्रभूला क्रुसावर मारलं म्हणून ते खचून चालले होते. उठलेला प्रभूच त्यांच्यासोबत चालू लागला, तरी त्यांनी ओळखलं नाही. प्रभूनं आधी विचारलं, काय झालं? त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मगच शास्त्र उलगडून सांगितलं. ज्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं आधी ऐकलं. तुला तर काहीच ठाऊक नव्हतं, बाळा."

दुसऱ्या दिवशी बाबा बराखीपुढं कांदा निवडत होते. पाळकही शेजारी पोत्यावर बसून निवडू लागले. वरून चांगला दिसणारा कांदा दाबला की आतून मऊ लागायचा. बऱ्याच वेळानं पाळकांनी एवढंच विचारलं, "बाबा, काल तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. काय सांगत होता?"

बाबांचा हात थांबला. "साहेब, सडलेला कांदा माझा नाही. अवसरी बुद्रुकच्या माझ्या विधवा बहिणीचा आहे. विश्वासानं ठेवला होता तिनं. अवकाळीत भिजलेला दिसत होता, पण वाळवायचा मी कंटाळा केला. तिला अजून सांगितलंही नाही. माझं नुकसान सोसलं असतं, हे सोसवत नाही."

बाबांना धीर नको होता, क्षमेची वाट हवी होती. पाळक म्हणाले, "चला बाबा, दोघं जाऊ. तुम्ही बोला, मी शेजारी बसतो."

त्याच संध्याकाळी बाबांनी बहिणीपुढं चूक कबूल केली आणि आपल्या चांगल्या कांद्यातून भरपाई देऊ केली. बहीण रागावली, रडली. दोघांनी उलट शब्द न काढता तिचंही ऐकून घेतलं. शेवटी तिनं डोळे पुसले आणि चहा ठेवला. पुढच्या रविवारी बाबा उपासनेला आले.

तात्पर्य : समोरच्याचं दुःख आपल्याला अजून माहीत नाही, हे मानणं ही नम्रतेची पहिली पायरी आहे. ऐकायला तत्पर असा आणि बोलायची घाई करू नका, अशी शिकवण याकोबाच्या पत्रातही आहे. दुःखी माणसाच्या घरी जाल तेव्हा शास्त्रवचन जरूर सोबत न्या, पण आधी त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.